दारातला पाम आणि यंदाची केरसुणी

सोलापूर,
बुधवार, ५ नोव्हेंबर १९७५, भाऊबीज

ती. सासूबाई यांना,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कुणीच नाही. तुमची खुशाली कळवावी, हे लिहिताना तर पेन अडलं. परवा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत माझ्या लेखी तुम्ही कैलासवासी होतात. तुमच्या नावामागं मी अकरा वर्षं 'कै.' लिहीत आले. परवा कळलं की तुम्ही वैरागला आहात.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमची सून. तुमच्या महिपतीची बायको. तुम्हाला सात वर्षांची नात आहे, तिचं नाव शैला.

तुम्हाला वाचता येत नाही असं ह्यांनी सांगितलं. तेव्हा जे कुणी हे वाचून दाखवत असतील त्यांना हात जोडून विनंती, मधलं काही गाळू नका आणि आवाज खाली करू नका. चारचौघांत वाचलंत तरी चालेल. यात लाज वाटण्यासारखं जे आहे ते माझं आणि ह्यांचं आहे, त्या माउलीचं नाही.

मी आश्रमात वाढले. आई नाही, बाप नाही, जात कुठली तेही ठाऊक नाही. लग्न ठरलं तेव्हा हे म्हणाले, "माझंही कुणी नाही." मला बरंच वाटलं, म्हटलं जोडा जमला. पण मनात एक हौस होती. मला सासू हवी होती हो! शेजारच्या अंबुबाई त्यांच्या सासूच्या नावानं बोटं मोडायच्या आणि मी बसून ऐकायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. मग मी ठरवलं, जिवंत सासू नशिबात नाही तर गेलेल्या सासूचं तरी नीट करायचं. ह्यांना तिथी विचारली तर म्हणाले, आठवत नाही. म्हणून दर वर्षी सर्वपित्रीला तुमचं पान वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं. अंबुबाईंनी शिकवलं तस्संच.

कावळा काही शिवायचा नाही. पान पत्र्यावर ठेवून मी खाली हात जोडून उभी. "सासूबाई, तुमच्या लेकाला जपेन. सासूबाई, नातीला शिकवीन." कावळे शेजारच्या लिंबावर बसून बघायचे, पण खाली एक येईल तर शपथ. शेवटी अंबुबाई म्हणायच्या, "सासूचं काहीतरी राहिलंय गं मागं," आणि दर्भाचा कावळा करून पानाला शिववायच्या. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, दहा वर्षं! आणि हा माणूस तेवढा वेळ अंगणात पामला पाणी घालत पाठमोरा उभा असायचा. आई जिवंत आहे हे माहीत असून! परवापासून मला हे आठवलं की भांडं आपटावंसं वाटतं, आणि आपटलंयही एक.

त्या पामचं सांगायला हवं. त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

शैला पोटात होती तेव्हा हे कचेरीच्या कामासाठी पुण्याला गेले होते. हे नकाशे काढायच्या कामावर आहेत, ते तुम्हाला ठाऊक नसेल. पुण्याहून येताना माणसं बायकोला पातळ आणतात. ह्यांनी तेलाच्या डब्यात लावलेलं वीतभर रोप मांडीवर घेऊन आणलं. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता म्हणे, परदेशी पाम आहे, कंबरेच्या वर वाढत नाही, बंगल्यांच्या दारात लावतात. आमचा काय बंगला आहे? दोन खोल्या आणि पुढं चार पावलांचं अंगण. पण फाटकाशी खड्डा काढला, तांबडी माती आणली, कुजलेलं शेण घातलं. सोलापूरचं ऊन त्याला सोसेना, पातीची टोकं करपायची. मग चार काठ्या रोवून वर गोणपाट बांधलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड घागरभर पाणी यायचं तेव्हा मी आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकली, पण तांदूळ धुतलेलं पाणी पामला चुकलं नाही. मी चिडून म्हणायची, "मला सवत आणलीत ती अशी काटेरी!" देठाशी त्याला सुयांसारखे काटे असतात ना. हे नुसते हसायचे. कंबरेएवढा झाला, पिसाऱ्यासारखा पसरला. वाटेनं जाणारे थांबून विचारायचे, आणि मग मलाही त्याचा गर्व झाला. तो गर्वच मला नडला.

एक गोष्ट मी तेव्हाही पाहत होते, पण अर्थ कळत नव्हता. बोलता बोलता हे एखादी गळालेली पात घेऊन नखानं उभी चिरायचे, पिळायचे, गाठ मारायचे आणि टाकून द्यायचे. बोटं आपोआप चालायची. मला वाटायचं, नकाशे काढणाऱ्याची बोटं, त्यांना स्वस्थ बसवत नाही.

आता यंदाचं. वसुबारसेपासून ह्यांचं एकच, "केरसुणी आली का?" लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते, मान्य, पण चार दिवसांत दहा वेळा? दर वर्षी एक म्हातारी दारावर यायची, तिच्याकडून घेत होते. यंदा ती आली नाही. शनिवारी मी बाजारातून आणली. ह्यांनी ती हातात घेतली, मूठ उलटी करून बघितली, खाली ठेवली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी दुपारी माझा डोळा लागला होता. खसाखस आवाजानं जाग आली. बाहेर येऊन बघते तर हे कोयता घेऊन पामसमोर, आणि पाम बोडका! सात वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवलेला पाम, त्याच्या सगळ्या झावळ्या खाली. मधला कोंब तेवढा उभा. मी किंचाळलेच, "अहो, वेड लागलं का तुम्हाला?" हे खाली वाकून गोळा करायला लागले. झावळ्या पत्र्यावर वाळत घातल्या.

सोमवारी दिवेलागणीच्या आधी हे माजघरात जमिनीवर बसले. पाती ओढून काढल्या, ठेचल्या, जुळवल्या. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं, दुसरं दातात धरलं, आणि गरागरा फिरवून मूठ आवळली. मी चौरंगाशी तशीच उभी, हातात हळदीकुंकवाचं ताट. ज्या माणसाला पायजम्याची नाडी घालता येत नाही, त्यानं माझ्यासमोर बाजारात मिळणार नाही अशी केरसुणी बांधली. पाती अर्ध्या ओल्या होत्या तरी एक इकडं तिकडं नाही.

शैला म्हणाली, "बाबा, ही माझ्या बाहुलीच्या केरसुणीसारखीच आहे!" आणि धावत जाऊन खेळण्यांचा डबा घेऊन आली. त्यात बोटाएवढ्या सहा केरसुण्या. मुठीला तीन वेढे आणि शेवटचा पदर आत वळवून खोचलेला. सहाही अगदी तशाच, आणि ह्यांच्या हातातली सातवीही तशीच. हे त्या डब्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागले.

म्हणाले, "माझी आई गेली गं."

मी म्हटलं, "अहो, त्यांना जाऊन तर वीस-बावीस वर्षं झाली."

"नाही. यंदा गेली. केरसुणी आली नाही."

मग सगळं सांगितलं. वडील आधीच गेलेले. वसतिगृहात फुकट जागा फक्त आईबाप दोन्ही नसलेल्या मुलांना. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "लिही, आई मेली म्हणून. लिवल्यानं काय मी मरत न्हाई. शिकशील तरी." ह्यांनी लिहिलं. पुढं नोकरीच्या अर्जात तेच लिहिलं, आणि तोवर दुसरी लाज चिकटली होती. केरसुण्या बांधणाऱ्या बाईचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज. माझ्यापुढं कसली लाज हो? जिला स्वतःचा बाप माहीत नाही तिच्यापुढं? मी विचारलं तर म्हणाले, "एकदा मेली म्हटलेली आई जिवंत कशी करायची, ते मला कळलं नाही." ज्या शिंदीच्या पातीच्या तुम्ही केरसुण्या बांधता ती दारात लावायची हिंमत नव्हती म्हणून हा पाम आणला, तो तिचाच लांबचा भाऊ. आणि दर दिवाळीला ते केरसुणीची मूठ बघायचे. तीन वेढे दिसले की समजायचे, आई आहे, घर शोधून येऊन गेली. मला वाटायचं, काय हा लक्ष्मीचा भक्त!

इथवर सगळं ह्यांचं सांगितलं. आता माझं सांगते. दोन दिवस पेन इथंच येऊन अडतंय.

वर मी लिहिलं की तुम्ही मला ओळखत नाही. ते खोटं आहे. ती म्हातारी तुम्हीच होतात. शैला पाळण्यात होती तेव्हापासून सात दिवाळ्या तुम्ही माझ्या दारात आलात. केरसुणीचे पैसे घेत नव्हतात, "पानी दे बाई, झालं" म्हणायचात. पाणी प्यायला एवढा वेळ का लागतो, असं मला वाटायचं. तुम्ही शैलाकडं बघत बसायचात.

गेल्या वर्षीचं तुम्हाला आठवत असेलच. केरसुणी घेऊन मी आत गेले, हळदकुंकू लावून बाहेर येते तर तुमच्या हातात विळा आणि पामच्या खालच्या झावळ्यांचा ढीग. मी तुम्हाला चोर म्हटलं. तुमच्या पेंढीला लाथ मारली. तुम्ही म्हणालात, "खालची वाळकी काडली की वरती जीव येतो, बाई. गळ्याशी कोंडलंय त्याला." मी ओरडले, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवलास तर बघ!" शेजारच्या बायका बघत होत्या म्हणून मला अजून चेव आला. तुम्ही शैलाची इवलीशी केरसुणी पायरीवर ठेवलीत आणि फाटक नीट लावून गेलात. महिन्याभरात पामला सात नव्या झावळ्या फुटल्या. ह्यांनी विचारलं, छाटला कुणी? मी म्हटलं, मीच.

केरसुणी यंदा का आली नाही, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय तुम्ही गेलात. उद्याच डोक्याचे केस उतरवायला निघाले होते, म्हणाले, "या खेपेला खरं सुतक." मी हातापाया पडून थांबवलंय. म्हटलं, रविवारी मी वैरागला जाते, आल्यावर काय ते करा. स्वतः यायला त्यांचे पाय उचलत नाहीत.

आणि मी ठामपणानं 'आई आहेत' म्हणू शकत नाही, त्याला कारण आहे. दहा वर्षं कावळा शिवला नाही असं मी लिहिलं. अकराव्या वर्षी, म्हणजे गेल्याच महिन्यात, पान ठेवून मी मागं सरते न सरते तोच कावळा आला आणि वडा उचलून गेला. अंबुबाई म्हणाल्या, "यंदा सासू तृप्त झाली गं बाई." मी आनंदानं पेढे वाटले. सासूबाई, मी पेढे वाटले!

तुम्ही आहात ना? माझ्या बोलण्यानं आला नाहीत एवढंच असू दे. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येते. न सांगता तुमच्या दारात यायचा हक्क मी घालवलाय, म्हणून हे पत्र पुढं. दाराबाहेर उभी राहीन. 'ये' म्हणालात तर आत येईन, 'जा' म्हणालात तर तेही माझंच मला परत मिळालं असं समजेन.

आणि पत्र वाचणाऱ्यांनो, ऐकायला समोर त्या नसतील, तर एवढंच करा. रविवारी गाडीवर या आणि मला तिथंच सांगा. त्यांच्या रिकाम्या दारापर्यंत मला चालायला लावू नका.

तुम्हाला दारातून घालवणारी,
तुमची सून
मुक्ता


वैराग,
रविवार, ९ नोव्हेंबर १९७५

न्हाव्याकडे जाऊ नका. आई आहेत.

मायना-बियना नंतर. इथले गुरुलिंग मास्तर संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला येतायत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते. माझं पत्र शुक्रवारी त्यांनीच वाचून दाखवलं, शब्दही न गाळता, पारावर. त्यात काय होतं ते तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. यंदा केरसुणी आली नाही ती माझ्यामुळं. गेल्या वर्षी पाम मी छाटलाच नव्हता. तो आईंनी छाटला, आणि मी त्यांना चोर म्हणून हाकलून दिलं. तुम्ही माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, मीही तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे.

मी बाहेर उन्हात उभी राहिले. त्या शिंदीच्या ढिगाशी बसल्या होत्या. 'ये' नाही म्हणाल्या, 'जा' नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "उनात का उभी हाईस? लेकरू कुटं हाय?" मी पायावर पडले आणि म्हटलं, मी तुम्हाला चोर म्हटलं. तर म्हणतात कशा, "म्हनलीस की. कुनाच्या बी झाडाला इळा लावला तर म्हनंलच."

"मग यंदा का आला नाहीत?"

"तू नगं म्हनलीस न्हवं? घर तुजं हाय."

ना राग, ना टोमणा. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसवल्या असत्या. कावळ्याचं मास्तरांनी वाचलं तेव्हा म्हणे खूप हसल्या. मला म्हणाल्या, "यंदा वडं बरं झालं आसतील."

आपलं घर कसं सापडलं, ते विचारलं. ऐका. तुमच्या कचेरीचं नाव गावात कुणाकडून तरी कळलं, तिच्याबाहेर केरसुण्या घेऊन बसल्या. सुटायच्या वेळी तुम्ही सायकलवर निघालात की मागं चालत यायच्या. सायकल दिसेनाशी झाली की थांबायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन बसायच्या. असं चार दिवस. पाचव्या दिवशी आपलं फाटक दिसलं. तुम्ही एकदाही मागं वळून बघितलं नाहीत. हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या, वाट कशी सापडली तेवढं सांगत होत्या. मलाच ऐकवेना.

मी म्हटलं, आता चला आपल्या घरी. तर एकदम घाबरल्या. माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "आगं, लिवून दिलंय सरकारला. मी जित्ती घावले तर त्याची चाकरी काडून घेत्यात. शाळंचं कागूद बी काडून घेत्यात." म्हणून त्या तुम्ही कचेरीत असतानाच यायच्या. म्हणून कुणाला नाव सांगितलं नाही. तुम्हाला लाज वाटते हे त्यांच्या ध्यानीमनीही नाही हो! त्यांना वाटतं, तुम्ही मायलेक मिळून अजून ते गुपित सांभाळताय. "त्याची पेन्शन झाली की येते. तवर मी मेलेलीच बरी." तुम्ही अडतीस वर्षांचे. म्हणजे अजून वीस वर्षं.

मी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, कुणी काही काढून घेत नाही. त्यांना पटत नाही. "म्हैपाला सांगू दे" म्हणतात. तुम्हाला म्हैपा म्हणतात, हे मला आज कळलं.

पाम बोडका केल्याचं ऐकून तेवढ्या जरा गंभीर झाल्या.

"कोंब ठेवलाय का त्यानं?"

"ठेवलाय."

"मग धा-बारा दिस पानी बेतानं घाला म्हनावं. फुटतंय ते."

अंबुबाईंना सांगून शैलाला घेऊन उद्या पहिल्या गाडीनं या. तिचा खेळण्यांचा डबाही आणा. तुम्ही आल्याशिवाय मी इथून हलणार नाही. 'आई मेली' हे तुम्ही लिहिलंत, आता तुम्हीच येऊन त्यांच्यासमोर ते खोडा.

आईंच्या घरून,
त्यांची सून
मुक्ता